अरुणा शानभाग प्रकरण: ड्यूटी लिस्टच्या बाजूने वाचताना

जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेच्या, तिसऱ्या वर्षाला शिकवायचे तेव्हा दरवर्षी एकदा वर्गात विचारायचे, "अरुणा शानभाग कोण?" उत्तर कधी चुकलं नाही. "इच्छामरण, मॅडम." परीक्षेलाही तेच येतं. २०११ चा निकाल, निष्क्रिय इच्छामरण (म्हणजे जगवणारे उपचार थांबवून मरण येऊ देणं), उच्च न्यायालयाची परवानगी. पाच मार्कांचं उत्तर, सगळ्यांचं पाठ.

मग मी दुसरा प्रश्न टाकायचे. "ती त्या संध्याकाळी तळघरात कशाला गेली होती?" वर्ग गप्प.

कपडे बदलायला गेली होती. ड्यूटी संपली होती, घरी जायचं होतं, युनिफॉर्म उतरवायचा होता.

हे प्रकरण मी या दुसऱ्या प्रश्नापासून मांडते. त्याची कायद्याची बाजू वकिलांनी भरपूर लिहिली आहे. ज्या नोकरीत ते घडलं, त्या नोकरीबद्दल मात्र फार थोडं लिहिलं गेलं.

काय घडलं

अरुणा शानभाग उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरची. परळच्या केईएम रुग्णालयात ज्युनियर नर्स होती. केईएम महापालिकेचं, १९२६ पासूनचं, शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजशी जोडलेलं. मुंबईत गरीब माणूस आजारी पडला की पाय आपोआप जिकडे वळतात, त्या दोन-चार दारांपैकी एक. तिथे तिची नेमणूक कुत्र्यांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग व्हायचे त्या विभागात होती. वय २५. रुग्णालयातल्याच एका डॉक्टरशी लग्न ठरलं होतं.

२७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी तिथल्या एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला. कुत्र्याची साखळी गळ्याभोवती आवळली आणि लैंगिक अत्याचार केला. कामावरून ती त्याला बोलत असे, त्याचा राग त्याच्या मनात होता. गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. मेंदूचा बराचसा भाग निकामी झाला, दृष्टी गेली, बोलणं गेलं.

ती सापडली दुसऱ्या दिवशी, २८ तारखेला, सकाळी पावणेआठ वाजता. एका सफाई कामगारालाच ती रक्ताच्या थारोळ्यात बेशुद्ध दिसली. ही वेळ सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातही आहे.

पावणेआठ ही वेळ आमच्या धंद्यातल्या माणसाला वेगळी ऐकू येते. ती ओव्हरची वेळ. नाइटची सिस्टर मॉर्निंगच्या सिस्टरला ओव्हर देते. किती पेशंट, कोणाचं सलाइन किती राहिलं, कोणाची लघवी किती झाली, कोण सीरियस. एका एका खाटेचा हिशेब तोंडी आणि लेखी दिला जातो आणि पेशंट एकने कमी भरला तर वॉर्ड डोक्यावर घेतात. त्याच इमारतीत एक नर्स रात्रभर जमिनीवर पडून होती. पेशंटची मोजणी दिवसातून तीनदा होते. नर्सची हजेरी येताना घेतात. जाताना ती खरंच बाहेर पडली की नाही, हे बघणं कोणाच्या कामात बसत नव्हतं.

सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त टोचतं ते हे. हल्ला करणारा एक माणूस होता, त्याचा गुन्हा त्याचा. पण त्यानंतरची रात्र कोणाची?

खटला आणि संप

खटला चालला तो खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरी यांचा. लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नाही. लग्न ठरलेल्या मुलीची बदनामी नको, असं कारण नंतर सांगितलं गेलं. सात-सात वर्षांच्या दोन शिक्षा झाल्या, त्याही एकत्र भोगायच्या. १९८० मध्ये तो सुटला.

हल्ल्यानंतर मुंबईतल्या नर्सेस संपावर गेल्या होत्या. मागण्या दोन: अरुणाची नीट व्यवस्था लावा, आणि आमच्या कामाच्या जागा सुरक्षित करा. पहिली मागणी पुढे चाळीस वर्षं त्याच नर्सेसनी स्वतःच्या हातांनी पूर्ण केली. दुसरीचं काय झालं ते पुढे येईलच. वर्गात हा संप सांगितला की मुलींना नवल वाटायचं. नर्सेस तेव्हाही संप करायच्या? त्यांना शिकवलेल्या इतिहासात हातात दिवा घेतलेली बाई आहे, मोर्चातली नाही.

ऐंशीच्या दशकात महापालिकेने अरुणाला केईएममधून दुसरीकडे हलवायचं ठरवलं. एक खाट सात वर्षं अडली होती, असा हिशेब. नर्सेस पुन्हा उभ्या राहिल्या आणि महापालिकेला बेत सोडावा लागला. वॉर्ड क्रमांक ४ शेजारच्या खोलीत ती शेवटपर्यंत राहिली.

एकही बेडसोर नाही

२००९ मध्ये पत्रकार पिंकी विराणी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोटीस काढली. मागणी अशी, की तिला अन्न देणं थांबवावं आणि शांतपणे जाऊ द्यावं. न्यायालयाने तीन डॉक्टरांची समिती नेमली, तिचा अहवाल आला. ७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. याचिका फेटाळली, पण निष्क्रिय इच्छामरणाला अटींसह वाट मोकळी केली. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार विराणींचा नाही, केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असंही सांगितलं. उद्या त्यांचं मत बदललं तर त्यांनीच उच्च न्यायालयात जावं.

शेवटची गोष्ट लहान नाही. एरवी नर्सला पेशंटबद्दल काय वाटतं हे राउंडमध्ये कोणी विचारत नाही. तिने सांगितलेलं डॉक्टरने पुन्हा सांगितलं की मग ते खरं होतं. इथे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की या बाईचे जवळचे लोक म्हणजे तिला भरवणारे, पुसणारे हात. अरुणाच्या दृष्टीने तो निर्णय बरोबर होता का, याबद्दल माझ्या मनात अजून शंका आहे. पण तो या लेखाचा विषय नाही.

निकालपत्रात एक गोष्ट आवर्जून येते: इतक्या वर्षांत तिला एकही बेडसोर, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणारी जखम, झाला नाही. न्यायालयाने केईएमच्या सर्व कर्मचाऱ्यांचं, निवृत्त झालेल्यांचंही, तोंड भरून कौतुक केलं. वर्तमानपत्रांनी ते पहिल्या पानावर छापलं. सेवा, समर्पण, माया.

एकही बेडसोर नाही म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून थोडं सांगते. आपण होऊन हलू न शकणाऱ्या पेशंटची पोझिशन दर दोन तासांनी बदलायची, हा पुस्तकातला नियम. दिवसाला १२ वेळा, वर्षाला ४,३८० वेळा. सदतीस वर्षांचा गुणाकार केला तर आकडा दीड लाखाच्या पुढे जातो. हे फक्त कूस बदलणं. स्पंजिंग वेगळं, तोंडाची निगा वेगळी, बॅक केअर वेगळी. हाताची मूठ आखडून घट्ट वळली असेल तर बोटं एकेक करून, जोर न लावता उघडायची. आत घाम साचून कातडी पांढरी, ओलसर झालेली असते, वास येतो. ते पुसायचं, कोरडं करायचं, बोटांच्या बेचक्यांत पावडर साचू द्यायची नाही, नखं कापायची, तळहातात गॉजचा रोल ठेवायचा. एका हाताला दहा मिनिटं. मऊ केलेलं अन्न भरवायला अर्धा-पाऊण तास, कारण घाई केली की ठसका लागतो आणि ठसक्यातून न्यूमोनिया. २०१० मध्ये मलेरिया होऊन नळी घालावी लागेपर्यंत अरुणा तोंडाने खात होती. म्हणजे सदतीस वर्षं कोणीतरी तिच्याजवळ बसून, घाई न करता, चमचा धरत होतं.

याला माया म्हणा, माझी हरकत नाही. पण त्याआधी याला काम म्हणा. हे कौशल्य आहे, ते तीन-चार वर्षं शिकावं लागतं, आणि त्याला माणसं लागतात. भारतीय परिचर्या परिषदेचे निकष आहेत: शिक्षण रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स, इतर रुग्णालयांत पाचामागे एक, शिवाय रजेची सोय म्हणून ३० टक्के जादा. मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या वॉर्डात रात्र ज्याने नातेवाइकाजवळ बसून काढली आहे, त्याने तिथे किती सिस्टर होत्या ते आठवावं.

न्यायालयात केईएमच्या डीननी दिलेल्या निवेदनात एक वाक्य आहे. अरुणाची काळजी घेतलेली एक निवृत्त नर्स आजही कसलाही मोबदला न घेता तिची काळजी घ्यायला तयार आहे. हे वाक्य खूप ठिकाणी छापलं गेलं आणि लोकांचे डोळे पाणावले. माझेही. त्या बाईंच्या मनाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण मी जिथे नोकरी केली तिथे पगारवाढीचा विषय निघाला की समोरून याच चालीचं वाक्य यायचं: "सिस्टर, तुमचं काम पैशात मोजता येतं का?" एका खासगी रुग्णालयाच्या मालक डॉक्टरांनी मला हे दिवाळीच्या बोनसऐवजी ऐकवलं होतं. वर गुलाबाचं एकेक फूल. त्या महिन्यात माझ्या सोबतच्या सिस्टरने मुलाची शाळेची फी दोन हप्त्यांत भरली. क्लार्कने विचारलं, "मॅडम, तुम्ही हॉस्पिटलमध्ये असूनसुद्धा?"

मोजता येत नाही, असं ज्या कामाबद्दल म्हणतात, ते मोजायचं टाळलेलं असतं.

मोजायचा एक प्रयत्न

म्हणून या प्रकरणाला मी नेहमी दुसऱ्या एका आदेशाची जोड द्यायचे. तो कोणाच्या पाठ नसतो. खासगी रुग्णालयांतल्या नर्सेसच्या पगाराबद्दल ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन सर्वोच्च न्यायालयात गेली होती. २९ जानेवारी २०१६ रोजी न्यायालयाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीने सरळ आकडे दिले. दोनशेपेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात पगार राज्य सरकारच्या त्याच दर्जाच्या नर्सइतका. शंभराच्या वर खाटा असतील तर फार तर १० टक्के कमी. पन्नास ते शंभर असतील तर फार तर २५ टक्के कमी. आणि पन्नासच्या आतलं छोटं रुग्णालय असलं तरी २०,००० रुपयांच्या खाली जायचं नाही.

शिफारशी राज्यांकडे गेल्या. केरळमध्ये नर्सेसच्या संघटनेने २०१७ मध्ये रस्त्यावर उतरून त्या उचलून धरल्या आणि एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या सरकारने २०,००० चा किमान पगार अधिसूचनेत बसवला. आमच्याकडे मुंबई-पुण्याच्या मोठ्या खासगी रुग्णालयांत मल्याळी मुली वर्षानुवर्षं नाइट करत आल्या आहेत. त्यांच्या गावी जे झालं ते त्यांना इथे फोनवर कळलं.

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत अधिपरिचारिकेची, म्हणजे स्टाफ नर्सची, वेतनश्रेणी ३५,४०० पासून सुरू होते, वर महागाई भत्ता. म्हणून कायम पदाची जाहिरात आली की त्यावर मुली तुटून पडतात. आणि म्हणूनच २०२२ च्या मे महिन्यात राज्यातल्या सरकारी नर्सेस संपावर गेल्या, तेव्हा पदं बाह्यस्रोतातून, म्हणजे ठेकेदारामार्फत भरू नका ही मागणी पुढे होती. त्या संपावर "रुग्णांचे हाल" असे मथळे आले. हाल झालेच. पण त्याच वॉर्डात एका सिस्टरने पन्नास पेशंट बघितले त्या रात्रीही हाल होतात, त्याचा मथळा होत नाही.

मी शिकवलेल्या मुली पहिल्या नोकरीला लागतात त्या बहुधा तीस-चाळीस खाटांच्या रुग्णालयात. मला फोन करतात तेव्हा आकडा सांगताना आवाज खाली जातो. बारा हजार, मॅडम. चौदा हजार, मॅडम, पण जेवण आहे. एकीने नोकरी सोडायचं म्हटलं तर तिचं मूळ रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट ऑफिसच्या कपाटात. "सर देईन म्हणाले, पण तीन महिने थांब." ती थांबली पाच महिने.

तळघर

१८ मे २०१५ ला अरुणा न्यूमोनियाने गेली. वय ६६. भोईवाड्याच्या स्मशानभूमीत अंत्यसंस्कार झाले, गर्दीत जास्त करून पांढरे युनिफॉर्म होते. पुढे २०१८ मध्ये घटनापीठाने इच्छामरणाचा कायदा आणखी पुढे नेला, तिचं नाव त्या चर्चेत पुन्हा पुन्हा आलं.

कामाच्या जागेच्या चर्चेत ते नाव यायला २०२४ उजाडावं लागलं. ९ ऑगस्टला कोलकात्यातल्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरवर बलात्कार होऊन तिचा खून झाला. ती छत्तीस तासांच्या ड्यूटीत सेमिनार रूममध्ये विसावायला गेली होती, कारण विसाव्याची दुसरी जागा नव्हती. २० ऑगस्टला सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सुनावणी घेतली आणि आदेशात अरुणा शानभागचा दाखला दिला. स्वतंत्र विश्रांतीगृह, कॅमेरे, रात्री १० ते सकाळी ६ ये-जा करायला वाहन, अशा गोष्टी विचारात घ्यायला राष्ट्रीय कृती दल नेमलं. आदेशात परिचर्या कर्मचाऱ्यांचा उल्लेख स्पष्ट आहे.

मग मी त्या कृती दलाची यादी वाचली. नऊ सदस्य, नऊही डॉक्टर, सगळे नावाजलेले. त्यांच्या जोडीला पाच पदसिद्ध: कॅबिनेट सचिव, गृहसचिव, आरोग्यसचिव, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे अध्यक्ष, राष्ट्रीय परीक्षा मंडळाचे अध्यक्ष. चौदा जण. एकही नर्स नाही. परिचर्या परिषदही नाही. दाखला नर्सचा आणि टेबलाभोवती एकही नर्स नाही, हे मी दोनदा वाचून खात्री केली, कारण मला वाटलं माझंच काही चुकतंय.

कोणी वाईट हेतूने केलं असेल असं मी म्हणत नाही. नर्स म्हटलं की मान द्यायचा, तिला विचारायचं नसतं, ही सवय इतकी जुनी आहे की ती लक्षातच येत नाही. सिस्टर म्हणतो, ती बहीण झाली. वॉर्डबॉय मामा, आया मावशी, सगळं रुग्णालय म्हणजे एक घर. घरातल्या बाईला पगार विचारत नाहीत आणि तिला कपडे बदलायला वेगळी खोली लागते हेही कोणाच्या ध्यानात येत नाही. घरच तर आहे. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवकांवरच्या हिंसाचाराविरुद्ध कायदा आहे, रुग्णालयाच्या दारावर त्याचा फलक लावतात. तो बहुतेक वेळा नातेवाइकांनी मारहाण केली की आठवतो. आतल्या माणसापासून, एकटीने करायच्या ड्यूटीपासून, बंद न होणाऱ्या दारापासून वाचवायला तो फारसा उपयोगी नाही.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मी मुलींना एक काम दिलं होतं. क्लिनिकल पोस्टिंगला जिथे जाल तिथे दोन गोष्टी बघून वहीत लिहा. युनिफॉर्म कुठे बदललात, आणि तुम्ही घरी गेलात हे तिथल्या कोणाला माहीत होतं. मार्क नव्हते, तरी एकोणतीस वह्या आल्या. लिनन रूम. एक्स-रेच्या मागची खोली. लेबर रूमचं बाथरूम, पेशंट नसेल तर. सिस्टर इन्चार्जची केबिन, त्या जेवायला गेल्या की. दुसऱ्या प्रश्नापुढे निम्म्या जणींनी आईचं नाव लिहिलं होतं.

एका वहीत होतं: "जिन्याखालची खोली. दाराला कडी नाही. मावशी बाहेर उभ्या राहतात. मावशींची सुट्टी असेल त्या दिवशी मी होस्टेलपासून युनिफॉर्ममध्येच येते."